मोहाच्या बांधीतून इंदूर

आमच्या अंगणात एक दिवस विमान उभं राहिलं होतं. हसू नका, खरं सांगते. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांच्या पुढं धानाची कोठी, आन मधात आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, कोंबलेला. गुडघे कोठीले टेकलेले, तोंड एरंडेल प्यालेलं. बाजूच्या खुर्चीत मी. समोर मुन्नालाल हातात सुतळी घेऊन उभा.

"काका, विमानात एवढीच जागा असते. तीन वीत आन चार बोटं. यात मावले तं समजा पोचले इंदूरले," तो म्हणे.

मुन्नालाल आमच्याच गल्लीतला. आमच्या बिरसी गावच्या विमानतळावर सामानाची गाडी ओढते. विमानाची जेवढी माहिती त्याले हाय तेवढी पायलटलेही नसन, असं त्याचं सोताचं म्हणणं.

आता हा तमाशा कायले, ते पयलेपासून सांगावं लागन.

आमची योगेश्वरी इंदूरले राहते. बारा वर्षं भाड्याच्या घरात काढून यंदा त्यांनी आपलं घर बांधलं. वास्तूचा दिवस धरला तवा पोरीनं फोनवर एकच अट घातली. "आई, घरात पयला पाय बाबांचा पडन. बाबा आल्याबिगर मी उंबरठा वलांडत नाही." अक्षय तृतीयेचा मुहूर्त गेला, दसऱ्याचा गेला. दरवेळी बुढा म्हणे, गुडघे दुखून राहिले. मंग मार्गशीर्षातला दिवस धरला. भाड्याचं घरही त्याच महिन्यात खाली करून द्याचं होतं, म्हणून पुढं ढकलाची सोय नव्हती. फोनवर पोरगी रडली असती तं बरं झालं असतं. ती रडली नाही. नुसती म्हणली, "आई, रिंकी अकरा वर्साची झाली. तिच्या जन्माले आले होते बाबा, त्याच्यानंतर माझ्या दारात पाय नाही ठेवला. माझं काय चुकलं, तेवढं त्यांले विचारून सांग."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आन गुडघ्याचं म्हणाल तं नाचता येईना अंगण वाकडं. दुखतात, नाही म्हणत नाही. पन्नास वर्षं धानाच्या रोवण्याच्या चिखलात उभा राहिलेला माणूस. पण त्याच गुडघ्यांनी बाजाराच्या दिवशी बसमधी चढून आमगावले जाते, शेंगदाणे खाते, दोस्तांसंगं गप्पा हाणते आन दिवस बुडाच्या आत घरी येते. रात्रीचा मुक्काम म्हटला की मात्र गुडघे धरते. त्याचं खरं कारण घरात फकस्त मले माहीत होतं.

आमच्या सासऱ्याच्या घरची एक रीत होती. रात्री बाहेर राहाचं असन तं गाव सोडाच्या आधी बांधीवर, म्हणजे आपल्या धानाच्या वावरावर, जाचं. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, माती उजव्या हातानं कपाळाले लावाची आन म्हणाचं, जाऊन येतो. बस, एवढंच. हे घरच्या कर्त्यानं कराचं, बायांनी दूर उभं राहाचं. सासरे म्हणत, देवाले सांगितलं नाही तरी चालते, देवाले लय लोकं असतात. बांधीले आपल्याशिवाय कोण हाय?

नवीनच आली होती मी या घरात. माझ्या भावाचं लग्न बालाघाटले. बैलगाडी जुपून तयार, मी नवं लुगडं-चोळी घालून गाडीत बसलेली, आन लग्नघरचा जावई गायब! अर्धा घंटा झाला. सासरे आपले निवांत बिडी फुकत. मंग हे आले धुऱ्यावरून पळत पळत, नव्या धोतराले गुडघ्यापर्यंत चिखल. मायबाई, असा राग आला होता मले! बालाघाट येईपर्यंत मी बोलली नाही.

आमची ती मोहाची बांधी. बाजूले बोडी, म्हणजे लहानसा तलाव. त्याच्या पाळीवर मोहाचं एक झाड, म्हणून ते नाव. रोवण्याच्या दिवसांत मी डोक्यावर भाताची शिदोरी अन लाखोरीची डाळ घेऊन जाई. पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत, गाणं म्हणत. मधातच एखादी गाण्यात माझं नाव घालून मले चिडवे. बुढा तवा बुढा नव्हता. सहा फूट उंच, खांद्यावर पऱ्याच्या पेंड्या. जेवण झालं की सारे मोहाखाली आडवे होत. हा मात्र धुऱ्यावर बसून बांधीकडे पाहत राही. मी म्हणे, "काय पाहता? पळून जाते का ते?"

पळून नाही गेली. विमानतळ वाढवलं त्यात गेली. पयले तिकडं एक उघडी धावपट्टी होती नुसती. ढोरं चरत, पोट्टे सायकली शिकत, पाऊस उघडला की लोकं तिच्यावर धान वाळवत. मंग भिंत आली, मोठी इमारत आली, गावातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी त्यात गेल्या. ठरल्या बोलीनं गेल्या, त्याचं रडगाणं मी गात नाही. धान कापून झाला होता. संक्रांतीनंतर तार लावू, असं सांगितलं होतं. बुढा म्हणे, "एकदा निवांत जाऊन बसतो तिथं. सांगतो तिले." आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. हिंमत होत नव्हती, दुसरं काय!

आन तेवढ्यात पहाटे इंदूरहून फोन आला. योगेश्वरीचे दिवस तीन हप्ते आधीच भरले होते. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी गोंदियाचं स्टेशन गाठलं. बुढा गाडीत बसल्यावर एकदाच बोलला, "बांधीवर जाणं नाही झालं वं." मी म्हणली, "चार दिवसांत तं येऊन राहिलो." चार दिवसांचे अठरा झाले. रिंकी एवढीशी होती, काचेच्या पेटीत ठेवली होती, तिले सोडून येता येते का? वापस आलो तं तार लागली होती. धुरे सारे सपाट. मोहाचं झाड तेवढं तारेबाहेर राहिलं होतं, बोडीच्या पाळीवर.

बुढा तारेजवळ लय वेळ उभा होता. घरी येऊन म्हणे, "सांगून नाही गेलो ना तुलसा. म्हणून गेली."

मी समजावलं, भांडली, डोकं फोडून घेतलं. जमीन कागदावर आधीच गेली होती, तुमच्या सांगण्यानं थांबली असती का? पण माणसाच्या मनात एकदा जे बसलं ते बसलं. त्या दिवसापासून बिरसीच्या बाहेर एक रात्र नाही काढली यानं. म्हणे, "सांगू कोणाले आन जाऊ कसा?" पोरीलेही सांगू देत नव्हता. तिच्या बाळंतपणापायी बांधीले सांगाचं राहिलं, असं तिले वाटलं तं ती जन्मभर सोताले खात राहील, म्हणून. बरोबरच होतं म्हणा त्याचं. पण इकडं पोरगी भलतंच मनात धरून बसली होती, त्याचं काय?

तं अशी गोष्ट. आमचा पोरगा धनेंद्र गोंदियाले नोकरीत हाय. त्यानं फोनवर बोटं फिरवून मार्ग काढला. इथून चारचाकीनं नागपूर. तिथून मोठ्या विमानानं मुंबई. मुंबईले चार घंटे बसाचं, मंग दुसऱ्या मोठ्या विमानानं इंदूर. "पाय पसराले जागा, चाकाची खुर्ची, पुढची सीट. बाबांचे गुडघे सुखात राहतीन," तो म्हणे.

मी म्हणली, "आन बिरसीतून जे इंदूरचं विमान जाते रोज आपल्या डोक्यावरून, ते?"

"आई, ते लहान हाय. पंख्याचं. आत गरगर आवाज, सीट अरुंद, पायऱ्या चढा लागतात. सव्वा घंटा बाबा त्या डब्ब्यात कसे बसतीन?"

"आन तुझ्या रस्त्यानं सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचन! नाक पकडाचं तं डोक्यामागून हात नेऊन! घराच्या मागं विमान, आन आम्ही चाललो मुंबईले."

बुढ्याले दोन्ही विमानं सारखीच. त्याले जायचंच नव्हतं.

म्हणून मी मुन्नालालले बोलावलं होतं. मले वाटलं, अंगणात बसवून दाखवलं, मावते हे दिसलं, तं एक तरी बहाणा कमी होईल. बुढा बसला. गुडघे कोठीले घासून राहिले होते. मी विचारलं, "कसं वाटते?" तं म्हणे, "कोंबडीले खुराड्यात कसं वाटते, तसं."

मुन्नालाल आपल्याच रंगात. "काका, घाबरू नका. विमान लगेच उडत नाही. दरवाजे लागले की ते पयले रमतगमत जाते पार त्या मावळतीच्या टोकाले. तिथं गोल पलटते. मिनिटभर उभं राहते, दम घेते. मंग जे सुटते ना..."

"कोणत्या टोकाले?" मी विचारलं.

"बोडीकडच्या. भिंतीबाहेर मोहाचं झाड नाही का, त्याच्या बरोब्बर समोर."

माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली. बुढ्यानं मान वर केली. अकरा वर्षांत हा माणूस कधी विमानाकडं पाहत नव्हता. आवाज आला की पाठ फिरवून गोठ्यात जाई. त्यानं मुन्नालालले विचारलं, "किती वेळ उभं राहते, म्हणलास?"

"एक मिनिट. कधी दोन. पण वाऱ्यावर हाय काका. समोरून वारा लागते विमानाले. उगवतीचा वारा असन तं त्या टोकाहून सुटते. उलटा असन तं तिकडं जातच नाही, इकडूनच पळते. वारा पडलेला असन तं पायलटच्या मर्जीवर."

मुन्नालाल चहा पिऊन गेला. मी भांडे घासले, वांगे चिरले, तरी बुढा त्या खुर्चीतच. गुडघे कोठीले लावून.

दुसऱ्या दिवशी धनेंद्र आला तं बुढा त्याले म्हणे, "लहान विमानाचं तिकीट काढ. खिडकीची जागा पायजे."

धनेंद्रनं कपाळाले हात मारला. "बाबा, मी तुमच्या सुखासाठी बोलून राहिलो!"

"मी पण," बुढा म्हणे.

जायच्या दिवशी मी सकाळीच मूठभर कोंडा घेऊन अंगणात उभी राहिली. जन्मभर धान उडवला हाय मी, वारा मले मुन्नालालनं शिकवाची गरज नाही. मार्गशीर्षात वारा उगवतीकडूनच येते. पण त्या दिवशी कोंडा सोडला तं सरळ पायाशी पडला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. बुढा पायरीवर बसून पाहत होता. नवा पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. पिशवीत पोरीसाठी नव्या धानाचे तांदूळ. मी म्हणली, "दिवस वर चढू द्या, सुटन वारा." तो म्हणे, "नाही सुटला तं?"

काय सांगू? मी पण घाबरली होती. उलटा वारा सुटला आन ते विमान तिकडं गेलंच नाही, तं हा माणूस पोरीच्या दारात उभा राहूनही मनानं चोरासारखाच उभा राहीन, हे मले माहीत होतं.

विमानतळावर काचेतून ते कापडाचं नळकांडं दिसे, वारा दाखवणारं. मेल्या सापासारखं लोंबून राहिलं होतं. बुढा त्याच्यावरची नजर हलवत नव्हता. धनेंद्र बापाची समजूत काढून राहिला, "बाबा, अजूनही सांगा. पुढच्या खेपेले मोठं विमान पाहू." त्या बिचाऱ्याले काय माहीत. बोलावणं आलं. आम्ही चालत विमानापर्यंत गेलो. मी सारखी पाहत होती, कुठं माती दिसते का, बुढा वाकते का. पण ते तं पक्कं सिमेंट, आन बांधी तिथून लय दूर. चार पायऱ्या होत्या. बुढा एक एक करत, आडवा होऊन चढला.

आत खरंच आमच्या अंगणातलंच विमान होतं. मुन्नालालच्या सुतळीत बोटाचा फरक नव्हता. पंख डोक्यावर, छपरावाणी, त्यामुळं खिडकीतून खालची जमीन मोकळी दिसे, एवढं मातर बरं होतं. बुढ्याचे गुडघे पुढच्या सीटमधी रुतले. त्याचं तोंड पाहून विमानातली पोरगी आली. लय गोड पोरगी. "अंकलजी, सबसे आगे एक सीट खाली है. पैर आराम से फैला सकेंगे. बस, खिड़की नहीं मिलेगी."

"नहीं बेटी," बुढा म्हणे, "खिड़कीच पाहिजे."

"दर्द होगा आपको."

"होने दे."

दरवाजा लागला. पंखे गरगरले, अशी धडधड की माझ्या दाताले दात लागले. विमान हललं, आन त्या मोठ्या पट्टीवर येऊन थांबलं. मी देवाचं नाव घेतलं. कोणत्या देवाचं, आठवत नाही. बुढ्यानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. आन विमान वळलं. मावळतीकडे वळलं!

"गेलं," बुढा म्हणे. "तिकडंच गेलं वं तुलसा."

रमतगमत चाललं. मुन्नालाल खोटं बोलत नाही, हे मी त्या दिवशी कबूल केलं. बुढा खिडकीले नाक लावून बोलत होता, माझ्याशी का सोताशी कोण जाणे. "हे कटरेचं रान होतं. इथून पटलेच्या वावराची सीमा. इथं आपला पाट वळे." मले तं सारं एकसारखं काळं दिसे. त्याले धुरे दिसून राहिले होते. मंग भिंतीपलीकडं बोडीची पाळ दिसली, आन मोहाचं झाड. केवढं झालं होतं ते! विमान हळूहळू गोल फिरलं आन थांबलं.

आम्ही मोहाच्या बांधीत उभे होतो.

बुढ्यानं वाकाचं पाहिलं. पण कमरेले पट्टा, गुडघे अडकलेले, सहा फुटाचा देह. हात मांडीच्या खाली जाईना. त्यानं जोर लावला, दुखलं, तोंडातून आवाज निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मंग त्यानं माझ्याकडं पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं यानं, पन्नास वर्षांच्या संसारात. एवढी सुखाची जागा सोडून इथंवर आलो, आन आता वाकता येत नाही.

मी बाईमाणूस. त्या रीतीत मी कायम दूर उभी राहिलेली. पण मी काही विचार केला नाही. मी लहान, मी वाकली. ती पोरगी तिकडून "आंटीजी, आंटीजी" करून राहिली होती. मी हात खाली नेला, विमानाच्या जमिनीले टेकवला. सारी जमीन थरथरत होती. मंग तोच हात बुढ्याच्या कपाळाले लावला.

"आता बोला," मी म्हणली. "बोला लवकर, सुटून राहिलं हे."

त्यानं डोळे मिटले. "जाऊन येतो वं माय," म्हणला. मोठ्यानं म्हणला, त्या धडधडीतही पुढच्या माणसानं वळून पाहिलं.

आन विमान सुटलं. त्याच्यानंतरचं मले फार सांगता येत नाही. बोडी एका बशीएवढी झाली, मंग धानाच्या बांध्या, मंग ढग. बुढा रडत होता आन मी त्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवत होती. अकरा वर्षांचं रडणं, सव्वा घंट्यात कुठं संपते?

इंदूरले दोघांनी धरून उतरवलं त्याले. पाय सरळच होईनात. योगेश्वरी गाडी घेऊन आली होती. बापाचे हाल पाहून तिचे डोळे भरले. "बाबा, त्या एवढ्याशा विमानानं काऊन आले? मोठ्यानं आले असते ना आरामात."

"मोठं विमान आपल्या बांधीतून जात नाही, बाई," बुढा म्हणे.

तिले काही समजलं नाही. वास्तूच्या दिवशी बापानं लंगडत लंगडत तिच्या उंबरठ्याच्या आत उजवा पाय ठेवला, रिंकीनं एका अंगानं धरलं होतं, तवा मी तिले बाजूले घेऊन सारं सांगितलं. ऐकून तिनं बापाच्या गुडघ्यांकडं पाहिलं. म्हणली, "आन मी समजत होती, बाबा माझ्यावर रागावले."

तिसऱ्या दिवशी धनेंद्रचा फोन आला. बापाच्या गुडघ्यांचं त्याले कळलं होतं. "बाबा, आता ऐका माझं. वापसीले मोठ्या विमानाचं काढतो. मुंबईहून नागपूर, मी गाडी घेऊन उभा राहतो. आरामात या."

बुढा पलंगावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यांना तेल लावून. म्हणे, "नाही. त्याच लहानाचं काढ. मी बांधीले येतो म्हणून सांगून आलो हाय."